१०४ पर्यंत शहाणे, १०५ ला बिनसले!

क्ष वर्ग वजा १. अवयव पाडा.

आठवीतलं पोरही सांगेल: क्ष वजा १, क्ष अधिक १. आता घात २ ऐवजी १२ घ्या. थोडी घासाघीस केलीत तर सहा अवयव निघतील. आणि घात १०५ असेल तर? वही ठेवा बाजूला, मोबाइल काढा.

ब्राउझरमध्ये सिमपाय हे बीजगणित करणारं सॉफ्टवेअर उघडायचं. फुकट आहे, इन्स्टॉलची भानगड नाही. सेजही चालेल, विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं, तेही फुकट. एक मात्र लक्षात ठेवा. सिमपाय पायथनवर चालतं, म्हणून घातासाठी दोन स्टार द्यायचे. सेजमध्ये टोपीचं चिन्हही चालतं.

स्क्रीनवर: फॅक्टर, म्हणजे अवयव पाडायची कमांड, क्षचा १२वा घात वजा १.

हे बघा, सहा कंस. साध्या कॅल्क्युलेटरला आधी क्षची किंमत द्यावी लागते. इथे क्ष म्हणजे क्षच. क्ष भागिले ३ दिलंत तर तेही क्ष भागिले ३ च राहतं, त्याचं ०.३३३ क्ष होत नाही.

आता कंसांतले सहगुणक वाचा. १, नाहीतर उणे १, नाहीतर ते पदच गायब, म्हणजे ०. बस. घात ३० करा, ६० करा, १०० करा. कंस वाढतील, लांबतील, पण सहगुणक तेच तीन. माणूस फसतो तो इथेच. शंभर उदाहरणं जमली, आता कसली सिद्धता मागता!

स्क्रीनवर: घात १०५.

आठ कंस. त्यातला सगळ्यात लांबलचक ४८ घाताचा आहे, तो सावकाश वाचू. क्षचा ४८वा घात, अधिक ४७वा, अधिक ४६वा, वजा ४३वा, वजा ४२वा... आणि हे काय? उणे २ गुणिले क्षचा ४१वा घात! खाली सातव्या घातापाशी पुन्हा उणे २.

नाही, सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही.

मग १०५ च का? प्रत्येक घाताला नवा अवयव एकच येतो, त्याला सायक्लोटॉमिक बहुपदी म्हणतात. बाकीचे अवयव घाताच्या लहान विभाजकांचे. १०५ चे विभाजक आठ, म्हणून कंस आठ. आता ही नवी बहुपदी बघा. १ पेक्षा मोठ्या विषम घाताची दुप्पट केली तर फक्त काही चिन्हं उलटतात. घातात असलेल्याच मूळ संख्येनं पुन्हा गुणलं तर पदं एकमेकांपासून लांब सरकतात, सहगुणक जसेच्या तसे. म्हणजे खरी गंमत फक्त वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांच्या गुणाकारात. मूळ संख्या एकच असेल तर सगळे सहगुणक १. दोन असतील तर ०, १, उणे १ यांच्या बाहेर जाताच येत नाही; हे गणितज्ञ मिगोटीनं १८८३ मध्ये सिद्ध केलं. आणि तीन विषम मूळ संख्यांचा सगळ्यात लहान गुणाकार कोणता? ३ गुणिले ५ गुणिले ७.

म्हणजे १०५ च्या आधी २ दिसणं शक्यच नव्हतं. फॅक्टर कमांड हे कारण सांगत नाही, ती उणे २ समोर आणून टाकते आणि गप्प बसते. पण तो दिसल्याशिवाय ‘का?’ हा प्रश्न तरी कुणाला सुचला असता? माझ्या मते या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग हाच. गृहपाठाची उत्तरं काढायला ते वापरणं म्हणजे वाया घालवणं.

घात ३८५ केलात तर उणे ३ भेटेल. आणि गणितज्ञ सुझुकी यांनी १९८७ मध्ये दाखवलं की कुठलाही पूर्णांक मनात धरा, तो कुठल्या ना कुठल्या सायक्लोटॉमिक बहुपदीत सहगुणक म्हणून सापडतोच.

मग तीन विषम मूळ संख्या आल्या की २ हजर, असंच ना? २३१ टाका. ३ गुणिले ७ गुणिले ११. नवा कंस १२० घाताचा, वाचायला वेळ लागेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत ०, १, उणे १. एकही २ नाही.