मुशीचा वाकडा दात

(मेरीलँडमधल्या मराठी मंडळींसमोर केलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. मी मूळची हर्णैची. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असायचा, तिथे आजोबांचं बोट धरून मी लहानपणी खूप हिंडले. होडीतून पाकट उतरलं की आधी त्याची शेपटी छाटायची, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. त्या शेपटीवर दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दाते असलेला काटा असतो आणि त्यात विष असतं. शिंगाळा तर तुमच्यापैकी कोकणातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे त्याचे तीन काटे. हाताला लागला तर ठणका लवकर जात नाही. आजचा विषय लाखो वर्षांपूर्वीच्या मुशींच्या, म्हणजे शार्कच्या, दातांचा आहे, पण या दोन माशांना जरा लक्षात ठेवा, कारण ते परत येणार आहेत.

इकडे आल्यावर मी दातांची डॉक्टर म्हणून सव्वीस वर्षं काम केलं. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि रविवारी चेसापीक उपसागराच्या काठाने मान खाली घालून चालायचं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा, त्यात समुद्रातले जीव शोधून सापडायचे नाहीत. इथे कॅल्व्हर्ट काउंटीत मात्र उपसागराच्या पश्चिम काठाला सुमारे तीस मैल मातीचे आणि वाळूचे कडे आहेत. त्यांतले थर साधारण 80 लाख ते 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे मायोसीन काळातले. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. लाटा कड्याचा पाया खातात, कडा ढासळतो, माती वाहून जाते आणि दात वाळूत उरतात. मला पहिला दात सापडला तो नखाएवढा होता, करड्या रंगाचा, आणि इतका गुळगुळीत की आत्ताच कुणाच्या तोंडातून पडलाय असं वाटलं.

दातच का उरतात, हे आधी सांगते. मुशीचा सांगाडा कुर्च्यांचा, आपल्या कानात पाळीच्या वरच्या भागात हाताला लागतो तसा. तो सहसा कुजून जातो. दात टणक, आणि शिवाय एकेका मुशीचे आयुष्यभरात हजारो पडतात. तिचे दात आपल्यासारखे हाडाच्या खोबणीत रुतलेले नसतात. ते हिरडीत बसलेले असतात, रांगेमागे रांग. जबड्याच्या आतल्या बाजूला जी पेशींची पट्टी असते तिथे नवा दात तयार होतो, झोपलेल्या स्थितीत. तो हळूहळू पुढे सरकतो, उभा राहतो, काही आठवडे कामाला येतो आणि पडतो. मागचा त्याच्या जागी हजर. प्रत्येक जागेची स्वतःची अशी ओळ असते आणि त्या ओळीतले सगळे दात त्या पट्टीच्या एकाच तुकड्यातून तयार होतात.

आता त्या तुकड्यालाच जखम झाली तर?

माझ्या दवाखान्यात एक प्रसंग बऱ्याचदा यायचा. सात-आठ वर्षांचं मूल, पुढचा पक्का दात नुकताच आलेला, आणि त्यावर तपकिरी पट्टा किंवा खड्डा. आई घाबरलेली, चॉकलेटमुळे झालं का म्हणून विचारणारी. मी विचारायची, दोन-तीन वर्षांचा असताना पडला होता का? मग आई-बाबा एकमेकांकडे बघायचे. हो, पायरीवरून पडला होता, दुधाचा दात आत घुसला होता. त्या दुधाच्या दाताच्या मागे जबड्याच्या हाडात पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो. मार त्याला लागतो आणि खूण दिसते चार-पाच वर्षांनी. दात टोकाकडून मुळाकडे बनत जातो, म्हणून खूण टोकाशी असेल तर मार लवकरच्या वयातला, खाली असेल तर नंतरचा. खुणेची जागा बघून मूल कधी पडलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

मुशीच्या दाताचंही असंच. टोक आधी तयार होतं, मग कडा, मग बूड, आणि मूळ सगळ्यात शेवटी. फरक एवढाच की आपल्याला दोनदा दात येतात आणि तिला मरेपर्यंत. जखम वरवरची असेल तर एक-दोन वाकडे दात येतात आणि ओळ पुन्हा सरळ होते. पट्टी कायमची फाटली असेल तर त्या जागी येणारा प्रत्येक दात तीच खूण घेऊन येतो.

जखम कशाने होते? इथे हर्णैचं पाकट परत आलं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीतल्या यूजीन गजर यांनी 1937 साली मुशींच्या बिघडलेल्या दातांवर एक मोठा निबंध लिहिला. जबड्यात घुसून बसलेले पाकटाचे काटे आणि त्याच जागी आलेले दुभंगलेले दात, असा संबंध त्यांनी त्यात दाखवला. त्याच्या तीस वर्षं आधी त्यांनीच एका कानमुशीची नोंद केली होती, हातोड्यासारख्या डोक्याची असते ती. तिच्या जबड्यात आणि घशात पाकटाचे पन्नासाहून जास्त काटे मिळाले. ज्याची शेपटी आमच्या आजोबांनी आधी छाटली असती तेच ती आख्खं खात होती. शिंगाळ्याचे काटेही मुशींच्या तोंडात रुतलेले सापडतात. आणि मला ज्याचं फार अप्रूप वाटतं ते असं, की कॅल्व्हर्टच्या वाळूत पाकटाच्या शेपटीचे काटे आणि दातांच्या पाट्या आपल्याला सापडतात, शिंगाळ्याच्या जातभाईंचे अवशेषही त्या थरांत मिळालेत. खाणारी आणि तिला टोचणारे, सगळे एकाच किनाऱ्यावर.

आता ही डबी पाहा. यात हेमिप्रिस्टिस सेरा या नामशेष मुशीचा वरच्या जबड्यातला दात आहे. जेमतेम इंचभर. या जातीचा चांगला दात म्हणजे आमच्या सुताराची करवत, दोन्ही कडांना मोठे मोठे दाते. हा मात्र विड्याच्या पानाचं टोक दुमडावं तसा दुमडलाय. टोकापासून बुडापर्यंत मधोमध एक घळ आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की दिसतं, करवतीचे दाते घळीच्या काठापर्यंत येतात, आत उतरतात, बारीक होत होत संपतात आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतात. घळीच्या तळाशी सुद्धा लुकण, म्हणजे दातावरचं टणक चकचकीत आवरण, शाबूत आहे, दिवा फिरवला की चमक फिरते. म्हणजे ही घळ दात बनत असतानाच पडलेली. आणि ती थेट टोकापासून आहे, म्हणजे हा दात आकाराला यायच्या आधीच जखम तिथे होती. याच्या आधीही असाच एखादा दात पडला असेल, याच्या मागेही असाच येत असेल.

दुसऱ्या कप्प्यातला दात टायगर शार्कच्या कुळातला. याचं टोक अगदी देखणं. अर्ध्यावर मात्र कड चुरगळलेली, दाते गायब, बुडाशी लुकणाला सुरकुत्या. हा दात अर्धा बनून झाला होता आणि मग काहीतरी टोचलं. एका मुशीच्या आयुष्यातला तो आठवडा कोटभर वर्षांनी माझ्या तळहातावर आहे. सरळ दात मला जात सांगतो. त्या जातीतल्या एकीला एके दिवशी काय झालं हे वाकडा दात सांगतो, म्हणून मी त्याच्या मागे लागले.

अलीकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मेगालोडॉन या नामशेष महाकाय मुशीचं. नॉर्थ कॅरोलायनात अरोरा गावाजवळ फॉस्फेटची खाण आहे, तिथला सुमारे चार इंचांचा एक दुभंगलेला दात. तिथल्या राज्य विद्यापीठाच्या आणि नैसर्गिक विज्ञान संग्रहालयाच्या संशोधकांनी 2022 साली त्यावर लिहिलं, सोबत बुल शार्कचे दोन तसेच दात घेऊन. माणसांच्या दवाखान्यात आम्ही ज्याला जोडदात म्हणतो, त्याच चौकटीत हे बसतात का, हा त्यांचा प्रश्न होता. एक कोंब दोनात फुटला की दोन कोंब एकमेकांना चिकटले, हे नुसता पडलेला दात बघून सांगणं अवघड असतं. दात असा होण्याचं कारण जखमच असावी याकडे त्यांचा कल आहे, आणि पटण्यासारखं आहे. एवढा मोठा शिकारीसुद्धा जेवताना जखमी होत होता.

बहुतेक लोक मला जे वाकडे दात म्हणून आणून दाखवतात ते वाकडे नसतात. हेमिप्रिस्टिसच्याच खालच्या जबड्याचे पुढचे दात बारीक, आकड्यासारखे, बिनदात्यांचे असतात. ती त्यांची नेहमीची ठेवण आहे. गाय-मुशीचा दात कंगव्यासारखा, एकाच मुळावर बरीच टोकं. लोकांना वाटतं चार-पाच दात चिकटले. जबड्याच्या अगदी मध्यावरचे आणि अगदी कोपऱ्यातले दात कुठल्याही जातीत जरा विचित्रच. त्यामुळे वाकडं ओळखायचं तर सरळ किती तऱ्हांचं असतं हे आधी तोंडपाठ हवं. यात दोन-चार वर्षं जातात आणि ती जाऊ द्यावीत.

मग तुटलेले दात. हाड चावताना टोकाचा टवका उडतो, लाटेत कडा झिजतात. तिथे लुकण गेलेलं असतं, आतला मऊ भाग उघडा पडलेला, खरखरीत आणि निस्तेज. नखाने चाचपलं तरी कळतं. खऱ्या वाकड्या दातावर नख वळणावरून, घडीतून, सुरकुतीवरून सरळ घसरत जातं, कुठेच अडकत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटतं. एका प्रदर्शनात मी बरेच पैसे मोजून तीन टोकांचा एक दात घेतला होता. घरी भिंगाखाली धरला तर घळीत समांतर ओरखडे, हत्याराचे. कुणीतरी चांगला दात घासून वाकडा केला होता. पैशांचं दुःख कधीच विसरले. पण तो दात लाखो वर्षं वाळूत टिकला आणि आपल्यातल्या कुणीतरी यंत्राला लावून त्याचं खरं पुसून टाकलं, हे जात नाही मनातून. या दातांना आता भाव आला आहे म्हणून हे होतं. विकत घेऊच नका असं मी म्हणत नाही. घ्याल तर भिंग घेऊन जा, आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा मिळाला तर तोही. भरलेला किंवा चिकटवलेला भाग त्याखाली बऱ्याचदा वेगळा उजळतो.

आणि आता माझी आपल्या छंदाबद्दलची खरी तक्रार. किती दातांमागे एक वाकडा येतो, हे संशोधकांना हवं असतं. कुठल्या जातीत जास्त, कुठल्या थरात जास्त, हे कळलं तर कोण काय खात होतं याचा माग लागतो. हजार दात चाळले तरी एखादाही मिळेलच असं नाही, इतके ते दुर्मिळ. पण आपण काय करतो? वाकडा दात मखमलीच्या पेटीत, मोठे दात काचेच्या कपाटात, आणि बारीक सरळ दात बरणीत ओतून मुलांना खेळायला. कुठून आणले, कधी आणले, किती होते, काही लिहीत नाही. मग तो वाकडा दात भागिले काय? खाली आकडाच नाही. मीही पहिली कितीतरी वर्षं असंच केलं आणि ते दात आता मोजणीच्या कामाचे नाहीत. सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियममध्ये दात ओळखायला मदत मिळते. तिथे काही द्यायचं झालं तर चिठ्ठीसकट द्या.

पुढच्या रविवारी ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी थोडं. आपण फ्लॅग पॉण्ड्सला जाऊ, तिथे कड्याखाली न जाता मोकळ्या वाळूवर फिरता येतं. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कला गाडीपासून किनारा जवळपास दोन मैल जंगलातून आहे, लहान मुलं दमतात, आणि कड्याखाली जायला तिथे बंदी आहे. कडा कुठेही खणायचा नाही. पावसानंतर तो काही न सांगता कोसळतो. निघायचं ओहोटी बघून. सोबत पाव इंची जाळीची चाळण आणा, घरातली पिठाची नको, ती वाळूने लगेच तुंबते. प्रत्येकाने एक पिशवी, तिच्यावर तारीख आणि नाव. जे मिळेल ते सगळं पिशवीत, तुटकं, बारीक, साधं, काहीच फेकायचं नाही. संध्याकाळी आमच्या घरी मोठ्या टेबलावर जुनं धोतर अंथरून मोजू, पिठलं-भाकरी करते.

डबी पहिल्या रांगेपासून फिरवते आहे. दात हातात घ्या, नख फिरवून बघा, काही होत नाही त्याला. फक्त कापसाखालची चिठ्ठी जिथे आहे तिथेच राहू द्या, तिच्यावर जागा आणि तारीख आहे.