डॉली तिथे काय पाहून आली? : रशियन कथासाहित्यातलं विवाहबाह्य प्रेम

मंडळी, आजच्या विषयातच प्रश्न आहे. रशियन अभिजात कथा-कादंबऱ्यांत विवाहबाह्य प्रेमाच्या वाट्याला सुख येतं की दुःख? कुणालाही विचारा, उत्तर ताबडतोब येतं: ॲना कॅरेनिना रेल्वेखाली गेली, म्हणजे दुःख. ज्यांनी ती कादंबरी उघडलेली नाही त्यांनाही तिचा शेवट माहीत असतो. मग त्या शेवटावरून आपण उलटं वाचत येतो. नवरा सोडला, मुलगा सोडला, पाप केलं, शिक्षा झाली. टॉलस्टॉयने कादंबरीच्या आरंभी बायबलातलं वचनही घातलं आहे : सूड घेणं माझ्याकडे, मी परतफेड करीन. त्यामुळे निकाल लागल्यासारखाच वाटतो.

हे वाचन मला पटत नाही. कारण ही कादंबरी ॲनाच्या व्यभिचाराने सुरूच होत नाही. ती सुरू होते तिच्या भावाच्या व्यभिचाराने. स्टीव्हा ऑब्लॉन्स्कीचे मुलांच्या पूर्वीच्या फ्रेंच शिक्षिकेशी संबंध असतात, बायकोच्या हाती चिठ्ठी लागते आणि घरात हलकल्लोळ माजतो. ॲना पीटर्सबर्गहून मॉस्कोला येते तीच मुळी भावजयीची समजूत काढायला. समजूत निघते, आणि स्टीव्हा पुढेही तसंच वागत राहतो. त्याची ना झोप उडते ना भूक मरते. पीटर्सबर्गची बेट्सी त्वेर्स्काया नवऱ्याच्या घरात राहून उघडपणे दुसऱ्या पुरुषाबरोबर असते, तिच्या दिवाणखान्यात सगळं उच्चभ्रू शहर जमतं. ॲनाचा प्रियकर व्रॉन्स्की, याच्या आईला मुलाचं प्रकरण कळतं तेव्हा ती चक्क खूश होते. मोठ्या घरातल्या बाईशी संबंध आल्याशिवाय तरुण माणसाला झळाळी येत नाही, असं तिचं मत. पुढे हे प्रकरण तसं हलकंफुलकं नाही, मुलगा खरंच जीव लावून बसला आहे, हे समजल्यावर मात्र ती नाराज होते.

टॉलस्टॉयने हे सगळं ॲनाच्या भोवती मुद्दाम मांडलं आहे. या समाजाला व्यभिचार खपतो. व्यभिचार करून जी बाई खोटं बोलायला नकार देते, तिला तो समाज घरात घेत नाही.

रेल्वेची गोष्टही थोडी सांगतो. जानेवारी १८७२ मध्ये यास्नाया पोल्याना या टॉलस्टॉयच्या जहागिरीजवळच्या यासेन्की स्टेशनवर ॲना पिरोगोवा नावाच्या बाईने मालगाडीखाली जीव दिला. टॉलस्टॉयच्या शेजारच्या जमीनदाराच्या घरी ती राहत असे, त्याची सोबतीण होती. त्याचं मन दुसरीकडे वळलं होतं. टॉलस्टॉय तिचं शव पाहायला गेला. पुढच्या वर्षी त्याने कादंबरी लिहायला घेतली. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरचं मूळ दृश्य नवऱ्याला फसवणाऱ्या बाईला मिळालेल्या शिक्षेचं नव्हतं. ते होतं एका बाईला आता जायला दुसरी जागाच उरली नव्हती याचं.

आता माझ्या मते या कादंबरीतला या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सहाव्या भागात डॉली, म्हणजे स्टीव्हाची बायको, ॲना आणि व्रॉन्स्कीकडे एका रात्रीसाठी गावी जाते. आज आपण जो प्रश्न घेऊन बसलो आहोत, तो डॉली त्या वाटेवर स्वतःला विचारते.

डॉली कोण, हे लक्षात घ्या. लग्नाला पंधरा वर्षं, एकामागून एक बाळंतपणं, एक तान्हं मूल गेलेलं, पैशांची ओढाताण, नवरा बाहेरख्याली. गाडीत बसल्यावर तिला कित्येक दिवसांनी स्वतःचा विचार करायला वेळ मिळतो. वाटेतल्या मुक्कामावर एक तरुण शेतकरी बाई तिला सांगते, की एक मुलगी होती, देवाने सोडवलं, उपासाच्या दिवसांत पुरली. डॉलीला आधी हे भयंकर वाटतं. मग त्यातली खरी बाजूही दिसते आणि ती दचकते. तिच्या मनात येतं, लोक ॲनाला नावं ठेवतात, पण का? मी तिच्यापेक्षा काय बरी आहे? तिला जगायचं आहे, ती ओढ देवानेच आपल्यात घातली आहे. मीही कदाचित तेच केलं असतं. आणि ही थकलेली, नेक बाई गाडीत बसून आपल्यासाठी एक काल्पनिक प्रियकर रचते, त्याच्याबरोबरचं प्रेमप्रकरण रंगवते, नवऱ्याचा चेहरा कसा होईल या कल्पनेने हसते. एका पतिव्रतेच्या मनातलं हे टॉलस्टॉयने इतक्या मायेने लिहिलं आहे, की त्याला नुसता नीतिवादी म्हणणाऱ्यांनी ही पानं वाचली असतील का, अशी मला शंका येते.

ती पोचते. तिथे सगळं आहे. मोठं घर, नवी गाडी, व्रॉन्स्की बांधत असलेलं इस्पितळ, उंची कपडे. आपली ठिगळ लावलेली रात्रीची बंडी तिथल्या मोलकरणीसमोर काढताना डॉलीला लाज वाटते. ॲना सुंदर दिसते आहे, प्रेमळ आहे. आणि तरी डॉलीची नजर एकेक गोष्ट टिपत जाते. बाळाच्या खोलीत ॲना पाहुणीसारखी वागते. आपल्या मुलीला दात किती आले हे तिला नीट माहीत नाही, शेवटचे दोन तिला ठाऊकच नाहीत. ॲनाला डोळे बारीक करायची नवीन सवय लागली आहे. डॉलीच्या ध्यानात येतं की जगण्यातल्या दुखऱ्या जागेबद्दल बोलणं निघालं की ती असे डोळे बारीक करते, जणू ते दिसूच नये. रात्री ॲना सांगते की तिला आणखी मूल नको आहे आणि ते टाळता येतं. ती सांगते की तिचं प्रेम दोघांवरच आहे, मुलगा सेर्योझा आणि अलेक्सी, म्हणजे व्रॉन्स्की, आणि एक मिळाला की दुसरा जातो. दोघांना एकत्र आणता येत नाही, आणि ते नसेल तर बाकी कशाचीच तिला पर्वा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉली निघते. येताना हेवा होता, जाताना उरते ती अनुकंपा, आणि आपल्या घराची, मुलांची ओढ. गाडीवान कुरकुरतो की इतके श्रीमंत लोक, पण घोड्यांना ओट मोजून तीन मापं घातले, पहाटेच फस्त. शिवाय तिथे करमलं नाही, असंही म्हणतो. पण टॉलस्टॉय इथे थांबत नाही. घरी पोचल्यावर डॉली त्या दोघांविरुद्ध कुणाला एक शब्द बोलू देत नाही. ती काही तरी चुकीचं पाहून आली नव्हती. अडकलेलं पाहून आली होती.

हे अडकणं नुसतं मनाचं नाही, कायद्याचंही आहे. त्या वेळच्या रशियात घटस्फोट चर्चच्या हातात होता. कारणं मोजकी : व्यभिचार, पाच वर्षं बेपत्ता असणं, शारीरिक दोष, आणि मोठ्या गुन्ह्यात हक्क गमावून हद्दपारी. व्यभिचार सिद्ध करायला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागत. दोषी ठरेल त्याला पुन्हा लग्न करता येत नसे. ॲनाचा नवरा कॅरेनिन वकिलाकडे जातो तेव्हा वकील त्याला कारणं आणि पुराव्याची बाब समजावतो आणि मध्येमध्ये पतंग पकडतो. म्हणजे ॲनाला सन्मानाने सोडायचं, तर निर्दोष कॅरेनिनला स्वतः व्यभिचारी असल्याचं खोटं सोंग आणावं लागलं असतं. व्रॉन्स्की डॉलीला अगतिकपणे सांगतो, माझी मुलगी कायद्याने माझी नाही, कॅरेनिनची आहे. उद्या मुलगा झाला तर तोही कॅरेनिनच.

तेव्हा सुख होतं की नव्हतं? होतं. इटलीतल्या दिवसांत ॲना ‘अक्षम्य सुखी’ होती असं टॉलस्टॉय लिहितो. विशेषण किती नेमकं आहे पाहा. तो सुख नाकारत नाही, त्याच्यावर पांघरूणही घालत नाही. पण त्या सुखाला राहायला घर नाही. पीटर्सबर्गला परतल्यावर ती मुलाच्या वाढदिवशी, आदल्या दिवशी मोठ्या प्रेमाने खेळणी घेऊन, चोरासारखी त्याच्या खोलीत शिरते. आई मेली असं त्याला सांगितलेलं असतं आणि त्याने त्यावर विश्वास ठेवलेला नसतो. पाच-दहा मिनिटं मिळतात. कॅरेनिन येतो, ती निघते. खेळणी पुडक्यातून काढायलासुद्धा वेळ झालेला नसतो, तशीच ती परत घेऊन जाते. या प्रकरणानंतर मला रेल्वेचं प्रकरण लागतच नाही. ॲनाचं दुःख इथे पूर्ण सांगून झालं आहे.

लेस्कोव्हची ‘म्त्सेन्स्क जिल्ह्यातली लेडी मॅकबेथ’ (१८६५) याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. व्यापाऱ्याची तरुण बायको कॅटेरिना, वयाने दुप्पट नवरा, मूल नाही, आणि घरात असा कंटाळा की त्यापायी गळफास लावून घेणंही मजेचं वाटावं. सेर्गेई नावाच्या नोकराशी तिचं जमतं. मग सासऱ्याला विष, नवऱ्याचा खून, वारस म्हणून आलेल्या लहान मुलाचा खून. फुललेल्या सफरचंदाखाली गालिचा टाकून ती सेर्गेईबरोबर चहा पिते, ते पान सुखानं ओथंबलेलं आहे. पण सायबेरियाच्या वाटेवर तोच सेर्गेई पाय दुखतात म्हणून तिचे लोकरी मोजे मागून घेतो आणि दुसऱ्या कैदी बाईला देतो. मी ही कथा फार ताणणार नाही. एवढंच नोंदवतो, की तिथेही लेस्कोव्ह दुःखाचं मूळ कॅटेरिनाच्या प्रेमात शोधत नाही, तिने कोणाला जीव लावला आणि कशा घरातून लावला यात शोधतो.

विवाहबाह्य प्रेमाकडे असं सहानुभूतीने पाहण्यावर रशियातच एक मोठा आक्षेप आहे. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य-कादंबरीतली विवाहित तात्याना शेवटी ओनेगिनवर प्रेम असूनही त्याला नकार देते, मी दुसऱ्याची झाले आहे, जन्मभर त्याच्याशी एकनिष्ठ राहीन, म्हणते. जून १८८० मध्ये मॉस्कोतल्या पुश्किन-स्मारकाच्या सोहळ्यात दोस्तोयव्हस्कीने भाषण केलं आणि विचारलं, दुसऱ्याच्या दुःखावर माणूस आपलं सुख उभारू शकतो का? हा प्रश्न मी आज जागा ठेवतो आहे, कारण पुढे चेकॉव्हसाठी तो लागेल.

चेकॉव्हची पद्धत अशी, की तो अडथळे एकेक करून काढून बघतो. ‘द्वंद्व’ (१८९१) मध्ये लायेव्स्की दुसऱ्याच्या बायकोला, नाद्येज्दाला, घेऊन कॉकेशसच्या समुद्रकाठी पळून आला आहे. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचं पत्र येतं. आता लग्न करता येईल! लायेव्स्की ते पत्र पुस्तकात लपवून ठेवतो, कारण प्रेम संपलं आहे आणि त्याला एकट्याने पळायचं आहे. कायदा वाटेतून दूर झाला आणि आत काही उरलंच नव्हतं. दोघंही एकमेकांना फसवतात, मग द्वंद्वाला निघण्याआधी हा आळशी माणूस त्याच बाईला मिठी मारतो, द्वंद्वाची गोळी थोडक्यात चुकते आणि तो तिच्याकडेच परत येतो. तीच त्याची एकमेव जवळची व्यक्ती असते. पुढे ती दोघं लग्न करून कर्ज फेडण्यासाठी दिवसभर राबतात. या जोडप्याला मी सुखी म्हणणार नाही. पण एकमेकांशी खरं वागायला ती पहिल्यांदा शिकली आहेत.

‘प्रेमाविषयी’ (१८९८) मध्ये उलट प्रयोग आहे. अल्योखिन मित्राच्या बायकोवर वर्षानुवर्षं प्रेम करतो, तीही त्याच्यावर, आणि दोघंही विवेकाने गप्प राहतात. निरोपाच्या वेळी रेल्वेच्या डब्यात ते उघड होतं, आणि अडवणारं जे काही होतं ते किती क्षुल्लक होतं, हे त्याला कळतं. तो म्हणतो, प्रेमाचा विचार करायचा तर रूढ अर्थाच्या सुख-दुःखाहून, पाप-पुण्याहून वरच्या कशापासून तरी करावा, नाहीतर करूच नये. आज आपण विचारलेल्या प्रश्नालाच तो इथे नाकारतो आहे. एकनिष्ठ राहिलेली ती बाई पुढे चिडचिडी होत गेली, आजारी पडली, हेही चेकॉव्ह लपवत नाही.

आणि मग डिसेंबर १८९९ मधली ‘कुत्रेवाली बाई’. याल्टाच्या समुद्रकिनारी मॉस्कोच्या विवाहित गुरोवला वाटतं, हे प्रकरणही आधीच्यांसारखंच विसरलं जाईल. पहिल्यांदा जवळ आल्यानंतर ही कुत्रेवाली, विवाहित ॲना सेर्गेयेव्हना रडत असते आणि तो कलिंगडाची फोड खात बसतो. मॉस्कोत परतल्यावर त्याला तिची आठवण कुणाला तरी सांगावीशी वाटते. क्लबमधल्या ओळखीच्या माणसाला तो सुचवून पाहतो, आणि तो उत्तर देतो, तुम्ही मघाशी बरोबर बोललात, त्या स्टर्जन माशाला वास येत होता! गुरोवला आपलं सगळं जगणं तेव्हा असह्य होतं. तो तिच्या गावी जातो. पुढे ती दर दोन-तीन महिन्यांनी बाईच्या दुखण्याचं कारण सांगून मॉस्कोला येते, स्लाव्यान्स्की बझार हॉटेलात उतरते. केस पिकू लागले तेव्हा त्याला आयुष्यात पहिल्यांदा प्रेम झालं आहे. कथा तिथे थांबते, जिथे सगळ्यात अवघड भाग नुकता सुरू होतो आहे. चेकॉव्ह त्यांना शिक्षा करत नाही, सोडवतही नाही. तो फक्त दाखवतो की या प्रेमाने एक उथळ माणूस गंभीर केला. माझ्या मते जगातल्या उत्तम कथांपैकी ही एक आहे.

तरीही तिच्याबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मला आज मांडायची आहे. गुरोवच्या बायकोला या कथेत नाव नाही. ती ताठ मानेची आहे, नवऱ्याला द्मित्री न म्हणता दिमित्री म्हणते, असं वरवरचंच आपल्याला कळतं. गुरोवला तिची भीती वाटते, म्हणून तो घराबाहेर राहतो. ॲना सेर्गेयेव्हनाच्या नवऱ्याला आपण गुरोवच्याच नजरेतून, नोकरासारखा वाकणारा म्हणून पाहतो. बायकोच्या थापांवर तो विश्वास ठेवतो आणि ठेवतही नाही, तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, हे चेकॉव्ह विचारत नाही. टॉलस्टॉयने विचारलं होतं. बाळंतपणात ॲना मरायला टेकली असताना कॅरेनिन व्रॉन्स्कीला क्षमा करतो, आणि नंतर दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या त्या मुलीच्या पाळण्याजवळ दिवसातून अनेकदा जाऊन बसतो. त्याने काळजी घेतली नसती तर ती जगली नसती. ॲनाच्या सुखाची किंमत मोजताना टॉलस्टॉयने या रूक्ष, हास्यास्पद वाटणाऱ्या माणसालाही हिशेबात धरलं. गुरोवचं प्रेम मला खरं वाटतं, पण त्याच्या घरातल्या त्या बाईला कुणी बोलतं केलेलं नाही, आणि तोपर्यंत दोस्तोयव्हस्कीच्या प्रश्नाला चेकॉव्हचं उत्तर मिळालं असं मी म्हणू शकत नाही.