अंगावर पित्त उठलं, पण अंड्याचा दोष नव्हता

नमस्कार श्रोतेहो.

जुलैचा पाऊस कोसळत होता. रात्री साडेनऊला मी दवाखाना बंद करत होते, तेवढ्यात एक आई आणि आजी आत आल्या. आजींच्या कडेवर साडेचार वर्षांचा मुलगा. तीन दिवस सर्दी-ताप होता, सकाळी ताप उतरला आणि संध्याकाळी अंगभर लालबुंद गांधी उठल्या. पोटावर, मांड्यांवर, कानांच्या पाळ्यांवर. पोरगा खाजवून खाजवून रडकुंडीला आलेला. मी काही विचारायच्या आत आजींनी निकाल देऊन टाकला, "हिनं त्याला दुपारी अंडं घातलं हो डॉक्टर. तापात अंडं!" सूनबाई खाली मान घालून उभी.

मी मुलांची डॉक्टर आहे, आणि ही मान खाली घातलेली आई मला दर पावसाळ्यात भेटते. म्हणून आज तिच्या बाजूनं बोलायला आले आहे.

थोडा घोळ आपल्या भाषेनंच घातलाय. छातीत जळजळलं तरी आपण पित्त म्हणतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. मग साहजिकच सगळ्यांची नजर जाते ती ताटाकडे. कुणी वांगं बंद करतं, कुणी दूध. आणि आंबट बंद करणारी तीच मंडळी पोराला आमसुलाचं पाणी पाजतात, हे आणखी एक!

या अंगावरच्या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. आपल्या कातडीत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्या चाळवल्या की हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पाणी झिरपतं, कातडी फुगते आणि खाज सुटते. त्यांना चाळवतं कोण? खाणं, औषध, किडा चावणं, यातलं काहीही असू शकतं. पण लहान मुलांमध्ये अचानक पित्त उठतं तेव्हा कारण सापडलंच तर ते बहुतेक वेळा साध्या व्हायरसचं असतं. शरीराची त्याच्याशी झटापट चालू असते आणि तिचे पडसाद कातडीवर उमटतात. कधी तापात, कधी ताप उतरल्यावर. अंडं बाधायचं असतं तर खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत बाधलं असतं. या मुलानं ते दुपारी बाराला खाल्लं होतं, गांधी सातला उठल्या. शिवाय अंडं तो दर आठवड्याला खात होता.

मी आजींच्या हातात बॉलपेन दिलं आणि एका गांधीभोवती गोल काढायला सांगितलं. त्यांना ते भलतंच पोरकट वाटलं. पण पित्त ओळखायची ही सोपी खूण आहे: एकेक गांध चोवीस तासांच्या आत विरते, डागही ठेवत नाही, आणि दुसरीकडे नवी उठते. गोवराचं पुरळ असं फिरत नाही. ते कानामागून, कपाळावरून सुरू होऊन खाली उतरतं, जागच्या जागी राहतं, आणि सोबत डोळे लाल, खोकला, सणसणीत ताप. कांजिण्यांत पाण्यानं भरलेले फोड येतात.

पुरळावर काचेचा पेला दाबून पाहा. लाली क्षणभर नाहीशी झाली तर ठीक. दाबूनही लाल-जांभळे ठिपके तसेच दिसले, तर ते कातडीखालचं रक्त असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. पावसाळ्यात डेंग्यूही लक्षात ठेवावा लागतो. त्यात ताप उतरतानाच पुरळ येतं, तळहात-तळपाय खाजतात. पण ताप उतरूनही मूल मलूल असेल, पोट दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी तपासणी हवी.

आता खाजेचं. सेटिरिझिनसारखं औषध वजनाप्रमाणे मोजून देतात. ते डॉक्टरांना विचारून द्या, शेजारच्या मुलाच्या बाटलीतून नको. त्यानं व्हायरस जात नाही, पण मूल झोपतं, आणि घरही झोपतं. ओल्या गार फडक्यानं पुसा, सुती सैल कपडे घाला, नखं कापा. आमसुलाचा कोळ अंगाला लावायचा असेल तर माझी हरकत नाही, गार वाटतो म्हणून मुलाला बरं वाटतं. घोंगडीत गुंडाळू मात्र नका, उबेनं खाज वाढते. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन मुलांना नकोच. आयब्युप्रोफेनही स्वतःहून देऊ नका, त्यानं पित्त चेतू शकतं आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती.

हे सगळं आठवडाभर, कधी दोन आठवडे, कमी-जास्त होत राहतं. पुन्हा उठलं म्हणजे औषध चुकलं असं नाही.

पण श्वास घेताना घरघर, आवाज घोगरा होणं, जीभ सुजणं, पाठोपाठ उलट्या, किंवा मूल एकदम पांढरंफटक आणि ढिलं पडणं, यातलं काहीही पित्तासोबत दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं जवळचं हॉस्पिटल गाठा. तिथं मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं. त्या वेळी सेटिरिझिन पाजून वाट पाहत बसू नये.

तर आमच्या त्या मुलाकडे परत येते. निघताना आई हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं राहिलं. ह्यांनी काल घरात उरलेलं अँटिबायोटिक दिलं होतं." अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच कुळातलं. म्हणजे अंड्याआधी या औषधाचा विचार करायला हवा होता, आणि मीच विचारायची विसरले होते. व्हायरसवर त्या औषधाचा काही उपयोग नव्हताच, ते बंद केलं. पण शाळेच्या फॉर्मवर आईनं लिहून टाकलं, 'पेनिसिलिनची ॲलर्जी'. असा शिक्का बसला की जन्मभर साधं, स्वस्त औषध सोडून दुसरी जड औषधं घ्यावी लागतात. आणि अमॉक्सिसिलिन घेताना पुरळ उठलेल्या मुलांना नंतर नीट तपासलं, तर दहांतली नऊ ते बिनतक्रार पचवतात. हा तपास घरी करायचा नसतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा.

पूर्ण बरा झाल्यावर, गणपतीनंतर, आम्ही त्याला सगळी तयारी ठेवून हॉस्पिटलात बसवलं. आधी थोडं औषध, मग उरलेलं. दोन तास आजी त्याचं पोट उघडून पाहत होत्या. एकही गांध उठली नाही. सूनबाईंनी पिशवीतून डबा काढला, त्यात उकडलेलं अंडं होतं. आजींनीच ते सोलून दिलं.