विमान खालून पाहावे

(मालवण येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘खारी हवा आणि निवृत्त विमाने’ असा छापला आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. परंतु डिसेंबर २०२३मधील नौदल दिनी आपल्यापैकी अनेकांनी तारकर्लीच्या किनाऱ्यावर माना वर करून विमाने पाहिली असल्यामुळे, आधी एक आग्रह मांडण्याचा मोह मला आवरत नाही. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८पासून आहे. तेथे गेलात, तर विमानाच्या तोंडासमोर उभे राहू नका; दोरीच्या बाहेरूनच, पण नीट वाकून, त्याच्या पोटाखाली पाहा. गुडघे दुखणाऱ्यांनी नातवंडांना वाकायला लावावे आणि काय दिसले ते विचारून घ्यावे.

जहाजावरून उडणाऱ्या विमानाची सारी अडचण त्याच्या खालच्या अंगाला लिहिलेली असते. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाची सारी लांबीच जेमतेम २१३ मीटर होती; वाफेच्या कॅटापल्टने विमान फेकायचे आणि परतताना आडव्या तारांत अडकवून थांबवायचे, असा तेथील व्यवहार होता. ‘सी हॉक’च्या शेपटीखालचा हूक पाहिला, की ती तार आपोआप समजते. याच विमानाच्या शेपटीच्या टोकाला धुराडे सापडत नाही, कारण त्याच्या एकाच जेट इंजिनाचा झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. ४ डिसेंबर १९७१ रोजी याच जातीच्या विमानांनी विक्रांतवरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. ‘अलिझे’च्या पोटात पाणबुड्यांच्या शोधासाठी खाली सोडता येणारे रडार बसवलेले असते. ‘सी हॅरियर’च्या दोन्ही कुशींना मिळून चार फिरत्या नळ्या असतात, त्या जमिनीकडे वळवल्या, की विमान उभ्याने उतरते. २०१६मध्ये दाबोळीच्या ‘हंसा’ या नौदलाच्या हवाई तळावरच या विमानांना निरोप देण्यात आला.

आता शाळेच्या सहलींविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. मी तेथे असताना एका शाळेची बस आली. शाळेचे नाव सांगत नाही, कारण सभागृहात शिक्षक बरेच दिसतात. मुले उतरली, रांग लागली, शिट्टी वाजली आणि ‘सुपर कॉन्स्टेलेशन’समोर सर्वांचा एक फोटो निघाला. चार पिस्टन इंजिने आणि तीन उभी शेपटे असलेले हे विमान आधी एअर इंडियाचे प्रवासी वाहून नेत होते, मग हवाई दलाकडे गेले आणि १९७६मध्ये नौदलाकडे येऊन समुद्रावर टेहळणी करू लागले. एका यंत्राने तीन संसार केले, ही गोष्ट ऐकायला कोणत्या मुलाला आवडली नसती? पण सरांचे लक्ष घड्याळाकडे होते. एक मुलगी ‘याला तीन शेपट्या का?’ असे विचारत होती, तिला ‘आधी बोगमाळोचा किनारा, मग प्रश्न’ असे उत्तर मिळाले. किनारा, मालवणच्या सीमेत राहणाऱ्या मुलांना! तीन शेपटांचे एक कारण असे, की एकच उंच शेपूट लावले असते, तर विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेले नसते. एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

याच्या उलट, देवबागचे एक वयस्क मच्छीमार काका माझ्याबरोबर आले होते. त्यांनी इतर विमानांकडे फारसे लक्ष दिले नाही. ‘सीलँड’पाशी मात्र ते बसलेच. सीलँड हे नौदलाचे पहिले विमान, १९५३मध्ये आलेले, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे, म्हणजे खालून होडीच. काकांनी तळ निरखला आणि विचारले, “हेचो तळ मधीच असो तुटलेलो कित्याक?” ती पायरी होती. वेग वाढला तरी पाणी गुळगुळीत तळाला चिकटून राहते. पायरीपाशी ते सुटते आणि विमान वर उठते. मी हे सांगितल्यावर काकांचा दुसरा प्रश्न आला: “आणि पावसात हेका झाकणत नाय?”

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर झालेला विषय आता चार वाक्यांत उरकावा लागेल.

काकांचा प्रश्न हाच माझा मुद्दा आहे. जून लागला, की आपण होडी वर ओढतो आणि झापांनी शाकारतो. गोव्याच्या संग्रहालयात बहुतेक विमाने मात्र मोकळ्या आवारात पावसाळा काढतात. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बळकटीसाठी तांबे मिसळलेले असते आणि त्यामुळेच तो खाऱ्या ओलाव्यात लवकर झिजतो. त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो खरा, पण तो खरचटला किंवा पोलादी बोल्टाशी खारट पाणी साचले, की पत्रा खाल्ला जातो. सेवेत असताना विमान गोड्या पाण्याने वारंवार धुतले जाते. उघड्यावर ठेवलेल्या विमानाची पाठ पाऊस धुतो, पोट धुत नाही. म्हणून रंगाखालचे फोड आणि पांढरी पूड आधी खाली दिसते, आणि ती वाकणाऱ्यालाच दिसते. कोरड्या दिल्लीतील पालमच्या संग्रहालयात जुने ‘वॅपिटी’ विमान छताखाली आहे. गोव्यात तर छताची गरज अधिक आहे.

भिंती नकोत, वारा खेळू द्यावा. उंच छत, पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी आणि गोड्या पाण्याची धुलाई एवढे पुरे. निधी थोडा असेल, तर पहिले छत सीलँडवर घालावे, कारण त्या जातीची विमाने जगात मोजकीच उरली आहेत. सुपर कॉन्स्टेलेशनचा क्रम दुसरा. सी हॅरियर देशात इतरत्रही जतन केलेली आहेत, त्यांना थोडे थांबता येईल.