दिसलं म्हणजे मिळालं असं नाही

(सांगलीत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की सांगलीत जो तो एकच विचारतो, "आयर्विनला (म्हणजे आयर्विन पुलाजवळ) किती फूट झालं?" ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. प्रिंट म्हणजे पडद्यावर दाखवणं आणि रिटर्न म्हणजे फंक्शनने उत्तर परत देणं, यांतला फरक समजून घ्यायला आजचं उदाहरण तेच घेऊ. फुटांचा आकडा घ्यायचा आणि त्यावरून एक वाक्य तयार करायचं, एवढंच काम करणारं फंक्शन. नाव ठेवू पूर_संदेश. पायथॉन ३ मध्ये असं देवनागरी नाव चालतं. डेफ (def), इफ (if), रिटर्न (return), प्रिंट (print) हे शब्द आणि कोडमधले आकडे मात्र रोमनमध्येच लिहावे लागतात.

बहुतेक जण फंक्शनच्या आत प्रिंट लिहितात. ४३ दिलं, पडद्यावर "इशारा पातळी ओलांडली" उमटलं, काम झालं असं वाटतं. पण आता हेच वाक्य नदीकाठच्या लोकांना मेसेजने पाठवायचंय, आणि त्याच्यापुढे कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे तेही जोडायचंय. म्हणून तुम्ही लिहिता, मजकूर = पूर_संदेश(४३), आणि मजकूरला पुढचं वाक्य अधिकच्या चिन्हाने जोडता. लगेच टाइपएरर, म्हणजे न जुळणारे प्रकार एकत्र केल्याची चूक! कारण मजकूरमध्ये वाक्य नाहीच, तिथे नन (None), म्हणजे 'काहीच नाही', आहे. फंक्शनने काही रिटर्न केलं नाही, तर पायथॉन त्याच्या वतीने नन देतं. पुलावर उभं राहून पातळी ओरडून सांगणं वेगळं आणि चिठ्ठीवर लिहून हातात देणं वेगळं. चिठ्ठी पुढे नेता येते.

मग इतक्या मुलांचा इथेच गोंधळ का होतो? मुलं कमी पडतात, असं मला अजिबात वाटत नाही. सुरुवातीला आपण पायथॉनच्या शेलमध्ये एकेक ओळ लिहून बघतो, आणि शेल परत आलेली किंमत (व्हॅल्यू) स्वतःहून दाखवतो. त्यामुळे प्रिंट लिहा नाहीतर रिटर्न, पडद्यावर वाक्य दिसतंच. फरक फक्त अवतरणचिन्हांचा. रिटर्न केलेलं वाक्य अवतरणचिन्हांत दिसतं, प्रिंट केलेलं त्यांच्याशिवाय. ती चिन्हं नीट बघायची सवय लावून घ्या. पुढे तोच कोड फाइलमध्ये लिहून चालवला की रिटर्नवालं फंक्शन पडद्यावर काहीच दाखवत नाही. विद्यार्थ्याला वाटतं, बिघडलं. तो रिटर्न काढून पुन्हा प्रिंट घालतो. खरं तर फंक्शन बरोबर होतं. बाहेर प्रिंट(पूर_संदेश(४३)) लिहायचं राहिलं होतं.

आत प्रिंट आणि बाहेरही प्रिंट असेल, तर वाक्याखाली नन छापलं जातं. ते कुठून आलं, हे आता सांगायला नको. रिटर्न प्रिंट(...) असं लिहूनही सुटका नाही, कारण प्रिंट स्वतः ननच परत करतं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तपासणी. पाणी बरोबर ४० फुटांवर असेल तर इशारा द्यायचा की नाही? मोठे-किंवा-समान लिहायच्या जागी नुसतं मोठे लिहिलं, तर ४० ला फंक्शन "पातळी सुरक्षित" म्हणेल. पुराच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही. वाक्य रिटर्न होत असेल तर असर्ट (assert, अट खरी नसेल तर कोड थांबवून चूक दाखवणारी ओळ) लिहून ३९, ४०, ४४, ४५ हे सगळे आकडे प्रत्येक बदलानंतर तपासता येतात. नुसत्या प्रिंटवर भिस्त असेल, तर दर वेळी पडद्याकडे डोळे लावून बसावं लागतं, आणि थकलेल्या डोळ्यांतून ४० निसटतं.

कोड कुठे अडलाय हे शोधताना आत एखादं प्रिंट घालायला माझी हरकत नाही. काम झालं की काढून टाका.

आता वह्या उघडा. पूर_संदेश पुन्हा लिहा, पण ४५ ची अट ४० च्या आधी ठेवा. उलट केलंत तर ५७ लाही ४० चीच अट लागू होईल, तिथल्या रिटर्नवर फंक्शन संपेल आणि ४५ च्या ओळीपर्यंत कोड पोहोचणारच नाही. मग विसर्गाचं वाक्य देणारं दुसरं फंक्शन लिहा, दोन्ही वाक्यं जोडा आणि प्रिंट फक्त शेवटच्या ओळीत वापरा.