गुलाबी घर आणि कागदावरच्या नोकऱ्या

नमस्कार मंडळी. आजचा विषय भूसंपादन, पण म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका, कलमं आणि पोटकलमं मी फार काढणार नाहीये. रस्त्यासाठी, शाळेसाठी, पाण्याच्या टाकीसाठी सरकार जमीन घेतं हे आपल्याला माहितीये. आज बोलायचंय ते वेगळ्या प्रकाराबद्दल. म्हणजे शहराची नगरपालिका ठरवते की आपल्याकडे मोठी कंपनी यायला पाहिजे, पोरांच्या हाताला काम मिळायला पाहिजे, त्यासाठी जागा पाहिजे, आणि त्या जागेवर तर माणसं राहतायत, मग नोटीस काढायची, मोबदला द्यायचा आणि घर ताब्यात घ्यायचं. जमीन एका खासगी मालकाकडून काढून दुसऱ्या खासगी मालकाकडे जाते, आणि कारण काय, तर हा दुसरा जास्त टॅक्स भरेल आणि जास्त लोकांना कामाला ठेवेल.

मला सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो, नंतर मी गोष्टीत रमतो आणि मग वेळ पुरत नाही. जमीन देणाऱ्यावर सक्ती असते, नोकऱ्या देणाऱ्यावर नसते. परत ऐका. घर सोडायची तारीख कागदावर असते आणि ती पाळावीच लागते, नोकऱ्यांचा आकडा फक्त भाषणात असतो.

आता गोष्ट. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात न्यू लंडन नावाचं छोटंसं बंदराचं शहर आहे, आणि त्याच्या नदीचं नाव थेम्स, म्हणजे नावं शोधायला त्या लोकांनी फार त्रास घेतला नाही हे दिसतंच. एके काळी व्हेल माशांच्या शिकारीवर हे शहर गब्बर झालं होतं. पुढे उतरती कळा लागली. १९९० मध्ये राज्य सरकारनेच त्याला अडचणीत आलेलं शहर म्हणून जाहीर केलं, १९९६ मध्ये तिथल्या फोर्ट ट्रंबल भागातलं नौदलाचं संशोधन केंद्र बंद पडलं, जिथे पंधराशेच्या वर लोक कामाला होते. १९९८ पर्यंत बेकारी राज्याच्या जवळपास दुप्पट झाली आणि लोकसंख्या २४ हजारांच्या खाली आली, १९२० नंतरची सगळ्यात कमी. त्यामुळे नगरपालिका घायकुतीला आली होती हे मान्यच करायला पाहिजे. तिथे बसलेली माणसं काही राक्षस नव्हती.

अशात फेब्रुवारी १९९८ मध्ये फायझर ही औषध कंपनी म्हणाली की आम्ही फोर्ट ट्रंबलच्या शेजारीच ३० कोटी डॉलरचं संशोधन केंद्र बांधतो. झालं, शहराच्या अंगात आलं. एक विकास महामंडळ होतं, खासगी, नफा न कमावणारं, त्याला शहराने कामाला लावलं, इतकंच काय, लोकांची जमीन सक्तीने घ्यायचा अधिकारही देऊन टाकला. महामंडळाने ९० एकरांचा प्लॅन केला. हॉटेल, नवीन घरं, ऑफिसं, बोटी लावायला जागा, आणि एक म्युझियम. आता हे माझं खासगी मत आहे, पण ज्या प्लॅनमध्ये हॉटेल आणि म्युझियम शेजारी शेजारी दिसतं ना, तिथे मला कायम शंका येते. म्युझियम हे प्लॅन बनवणाऱ्यांचं आवडतं बिऱ्हाड आहे, नकाशावर कुठलीही जागा रिकामी राहिली की तिथे ते आणून बसवतात. असो. हजाराच्या वर नोकऱ्या येतील असा अंदाज होता.

त्या ९० एकरांत ११५ च्या आसपास खासगी मालमत्ता होत्या. बहुतेकांनी विकून टाकल्या. नऊ मालक अडून बसले, त्यांच्याकडे मिळून पंधरा जागा. त्यातली एक सुझेट केलो.

ही बाई पेशाने नर्स. १९९७ मध्ये तिने ईस्ट स्ट्रीटवर एक जुनं, मोडकळीला आलेलं लाकडी घर घेतलं, का तर खिडकीतून पाणी दिसतं म्हणून. घासलं पुसलं, दुरुस्त केलं आणि त्याला गुलाबी रंग दिला. साधासुधा गुलाबी नाही, त्या शेडचं नाव ओडेसा रोझ. रंगांना अशी नावं देण्याचा पगार कोणाला मिळतो हे मला एकदा शोधून काढायचंय. तर गुलाबी घर, समोर पाणी, आणि २००० च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दारावर नोटीस चिकटलेली. थँक्सगिव्हिंग म्हणजे तिकडे घरचे सगळे एका टेबलाला जमून जेवायचा सण, आणि नोटीस लावायला मुहूर्त हा काढला! कुठल्याही देशातलं ऑफिस असो, नोटीस सणाच्या तोंडावरच का निघते कोण जाणे.

तिच्या शेजारपाजारात विल्हेमिना डेरी नावाच्या आजी होत्या. त्यांचा जन्मच त्या घरातला, १९१८ चा, आणि अख्खा जन्म तिथेच गेला, लग्न झाल्यावर नवराही तिथेच राहायला आला, साठेक वर्षं. या घरांबद्दल पडकी आहेत, धोकादायक आहेत, असा आरोप कोणी केलाच नव्हता, नीट ऐका, आरोपच नव्हता. ती प्लॅनच्या आड येत होती एवढंच. आणि प्लॅन तरी काय? त्यातल्या एका तुकड्याचं नाव ४अ, आणि त्याचा उपयोग काय, तर पार्कला पूरक. म्हणजे नक्की काय, पार्किंग, की अजून काही, हे शेवटपर्यंत कोर्टालाही कोणी धड सांगू शकलं नाही. घर मात्र पाडायचं ठरलेलं. त्याच परिसरात एक इटालियन ड्रॅमॅटिक क्लब होता, जिथे राजकारणी मंडळींची उठबस असायची, तो क्लब राहिला. नर्सचं घर जाणार, आजींचं जाणार, क्लब राहणार. आणि घेतलेली जमीन खासगी बिल्डरला ९९ वर्षांच्या भाड्याने द्यायची बोलणी चालली होती, भाडं वर्षाला एक डॉलर. एक डॉलर!

केस चढत चढत सुप्रीम कोर्टात गेली. २२ फेब्रुवारी २००५ ला सुनावणी झाली, आणि तो भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. सँड्रा डे ओ'कॉनर नावाच्या न्यायमूर्ती होत्या, त्यांनी शहराच्या वकिलाला विचारलं की समजा एका जागेवर मोटेल सिक्स आहे, म्हणजे तिकडचं स्वस्तातलं लॉज, आणि शहराला वाटलं की इथे रिट्झ-कार्लटन आलं तर टॅक्स जास्त मिळेल, तर घ्यायची का जागा? वकील म्हणाला, हो, चालेल. फिरवाफिरवी नाही, आडपडदा नाही, चालेल! वकील इतकं सरळ उत्तर देतो हे ऐकूनच मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटला.

२३ जून २००५ ला निकाल आला, पाच विरुद्ध चार, शहर जिंकलं. तिथल्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत म्हटलंय की जमीन सार्वजनिक वापरासाठी घ्या आणि योग्य मोबदला द्या. बहुमताने सांगितलं की लोकांनी त्या जागेचा प्रत्यक्ष वापर केलाच पाहिजे असं काही नाही, शहराने विचारपूर्वक योजना केलीये, त्यातून सगळ्यांचा फायदा अपेक्षित आहे, तेवढं पुरे. ओ'कॉनर विरोधात राहिल्या. त्यांनी लिहिलं की आता कोणाचंही घर पाडून मॉल येईल आणि कोणाचंही शेत जाऊन कारखाना येईल, अडवायला काही उरलं नाही. लोक इतके खवळले की पुढच्या काही वर्षांत चाळीसच्या वर राज्यांनी आपापले कायदे बदलले, काहींनी खरोखर, काहींनी नावापुरते. बहुमतातले एक न्यायमूर्ती सूटर, त्यांचं न्यू हॅम्पशायरच्या एका गावात घर होतं, तर एका पठ्ठ्याने त्या गावालाच अर्ज टाकला की हे घर ताब्यात घ्या, मला इथे हॉटेल काढायचंय. गावकरी शहाणे निघाले, त्यांनी नको म्हटलं.

आणि मग? मग काय, केलोबाईंनी तडजोड केली, गुलाबी घराचे भाग सुटे करून ते शहरातच दुसऱ्या रस्त्यावर नेऊन पुन्हा उभं केलं गेलं, बाई नदीपलीकडे राहायला गेल्या. डेरी आजी घर सोडायच्या आतच, २००६ मध्ये वारल्या. बाकीची घरं पाडली. बिल्डरला कर्ज काही मिळालं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फायझरने जाहीर केलं की आम्ही न्यू लंडन सोडतोय, चौदाशेच्या आसपास माणसं नदीपलीकडे ग्रोटनला हलवतोय. प्रॉपर्टी टॅक्समध्ये त्यांना दहा वर्षांची घसघशीत सवलत होती, ती संपत आली होती, योगायोग म्हणा. तोवर सरकारचे सुमारे आठ कोटी डॉलर खर्च झाले होते. घरं होती तिथे गवत वाढलं, भटक्या मांजरांनी वस्ती केली. २०११ च्या आयरीन वादळानंतर शहराने लोकांना सांगितलं, मोडलेल्या फांद्या आणून टाका तिथे.

अजून एक ऐका, हे फार कमी लोक सांगतात. फायझरची इमारत त्या पाडलेल्या घरांच्या जागेवर नव्हतीच, ती शेजारी होती. कंपनी गेल्यावर २०१० मध्ये पाणबुड्या बांधणाऱ्या इलेक्ट्रिक बोटने ती इमारत विकत घेतली, आणि ते आले ते कोणाचंही घर न पाडता.

बघा, गोष्टीतच वेळ गेला. बाकीचं भरभर सांगतो.

डेट्रॉइटमध्ये १९८१ ला जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाउन ही वस्ती उठवली होती, ४६५ एकर, चार हजारांच्या वर माणसं. सहा हजार नोकऱ्यांचं बोलणं होतं, शहराचे २० कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि कंपनीला जमीन पडली ८० लाखांना. कारखाना १९८५ ला सुरू झाला आणि आजही चालू आहे, हे सांगितलंच पाहिजे, पण पहिली काही वर्षं नोकऱ्या ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यावरही पोचल्या नव्हत्या. त्या कारखान्याच्या आवारात एक जुनं ज्यू कब्रस्तान आहे, ते काढता आलं नाही, वर्षातून दोनदा नातेवाइकांसाठी उघडतात. जिवंत माणसं उठवता येतात, बघा. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनच्या कोर्टाने १९८१ मध्ये याला हिरवा कंदील दिला होता, २००४ मध्ये आपला तो निकाल स्वतःच फिरवला आणि म्हटलं की नुसत्या आर्थिक फायद्यासाठी अशी जमीन घेता येणार नाही.

यावर लोक विचारतात, एखादा अडून बसला आणि अवाच्या सवा भाव मागायला लागला तर काय करायचं? प्रश्न खरा आहे. पण डिस्नेने १९६० च्या दशकात फ्लोरिडात २७ हजार एकरांच्या आसपास जमीन वेगवेगळ्या बेनामी कंपन्यांच्या नावाने गुपचूप विकत घेतली, कोणावरही सक्ती न करता. खरेदीदार कोण हे कळल्यावर भाव चढले, तोवर बहुतेक काम झालं होतं. कंपनीला जागा खरंच पाहिजे असली की ती खिशात हात घालते.

शेवटचं विस्कॉन्सिनमधलं माउंट प्लेझंट. २०१७ मध्ये फॉक्सकॉन ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी येणार म्हणून घोषणा झाली, १३ हजार नोकऱ्या. गावाने कर्ज काढून जमीन घेतली, जे अडले त्यांच्या चांगल्या नांदत्या घरांसकट तो भाग २०१८ मध्ये मोडकळीला आलेला म्हणून ठरवला. नोकऱ्या आल्या नाहीत. पण राज्याने करारात लिहून घेतलं होतं की टॅक्सची सवलत नोकऱ्या दाखवल्यावरच मिळेल, त्यामुळे २०२१ मध्ये सवलत जवळजवळ ३०० कोटी डॉलरवरून ८ कोटींवर आणता आली आणि नोकऱ्यांचा आकडा १,४५४ झाला. राज्याचा पैसा वाचला. गावाच्या डोक्यावरचं कर्ज मात्र तसंच राहिलं आणि गेलेली घरं गेली, पुढे त्यातली बरीच जमीन मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी घेतली.

म्हणजे सवलतीच्या कागदावर अट घालता येते. मग जमिनीच्या कागदावर का नाही? अमुक वर्षांत अमुक इतक्या माणसांना काम दिलं नाही तर जमीन परत, आणि आधी विचारायचं मूळ मालकाला, घेतल्या भावात. वकील म्हणतील फार किचकट होईल हो. होऊ दे की, दारावर नोटीस चिकटवताना कुठे किचकट वाटतं त्यांना. बरं, पलीकडून मला हात करतायत, बातम्यांची वेळ झालीये. नमस्कार.