पोटात काय होतं?

नमस्कार. माईक येतोय ना मागपर्यंत? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'चिनी प्रतिकारयोद्धे आणि त्यांचं पडद्यावरचं चित्रण' आणि खाली फोटो टाकलाय एका कुंगफूवाल्याचा, हवेत उडी मारताना. त्या गृहस्थाचा आजच्या विषयाशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे ज्यांना उठायचंय त्यांनी आत्ताच उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझं एक खूळ आहे. युद्धाचा पिक्चर बघताना मी बंदुका बघत नाही, ताटं बघतो. कोण काय खातंय, कुणाच्या घरचं खातंय. बायको म्हणते तुम्ही कुठेही गेलात तरी जेवणावरच येता, आता ते खरंही आहे. पण चिनी लोक जपान्यांशी लढले, मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, १९३१ पासून आणि बाकी देशात १९३७ पासून पार १९४५ पर्यंत, तर त्यात लढलेल्या कम्युनिस्टांच्या बळाचं माओनं पुढे १९४६ मध्ये, च्यांग कै-शेकशी लढताना, वर्णन काय केलं? आपल्याकडे फक्त राळं आणि रायफली. राळं म्हणजे आपलं राळंच हो, आजी राळ्याचा भात करायची ना, तेच. रायफलीच्या आधी राळं आलंय, एवढं लक्षात ठेवा.

आता जुन्या पिक्चरांत हे दिसतं. १९६५ चा 'टनेल वॉरफेअर' घ्या. सैन्याच्याच 'ऑगस्ट फर्स्ट' स्टुडिओनं काढला, आणि काढला कशासाठी, तर गावोगावच्या मिलिशियाला, म्हणजे गावकऱ्यांच्या लढाऊ पथकांना, शिकवायला. म्हणजे मुळात ट्रेनिंगचा पिक्चर, तो चालला तुफान! हबेई प्रांतात रानच्वांग नावाचं गाव आहे, जपान्यांशी लढायला गावकऱ्यांनी खणलेली तिथली भुयारं अजून आहेत, लोक बघायला जातात. भुयाराचं तोंड कुठे? चुलीखाली. गुरांच्या गव्हाणीखाली. विहिरीच्या आत, मधेच. जपानी घरात शिरला तर त्याला दिसणार काय, एक कढई. पिक्चरमध्ये शत्रू भुयारात पाणी सोडतात तर हे पाणी परत विहिरीत वळवतात, म्हणजे पाण्याचीसुद्धा नासाडी नाही. आणि त्यात जपान्यांचा एक चिनी चमचा आहे, तो साहेबाला अंगठा दाखवून म्हणतो "काव! खरंच काव!" काव म्हणजे उंच, भारी, वा साहेब काय डोकं चाललंय. आणि ज्या गावाकडून मार खायचाय त्या गावाचं नावही कावच. हा डायलॉग चीनमध्ये आजही साहेबांची टर उडवायला वापरतात. आपल्या ऑफिसात कुणाला म्हणायचंय ते तुम्ही ठरवा.

आता माझ्या लाडक्या पिक्चरवर येतो. जियांग वेनचा 'डेव्हिल्स ऑन द डोअरस्टेप', २०००, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार. युद्ध संपत आलेलं, थंडीची रात्र, मा दासान नावाच्या साध्या शेतकऱ्याच्या दारावर थाप पडते. कोण? "मी." दार उघडलं तर कपाळाला पिस्तूल, आणि आत दोन पोती येऊन पडतात. पोत्यात माणसं! एक जपानी सैनिक, एक त्यांचा चिनी दुभाषा. सांभाळा, वर्षअखेरीला घेऊन जातो, आणि "मी" गायब. येतच नाही परत. म्हणजे बघा, प्रतिकारयोद्धा पूर्ण पिक्चरमध्ये एवढाच, चेहरा पण नाही त्याला. मागे राहिलं ते गाव, ज्यांना आता दोन जास्तीची तोंडं पोसायचीत. स्वतःच्याच घरात पीठ नाही, ते आणायचं कुठून, यावर त्या लोकांची जी वादावादी होते ती आपल्या कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगसारखी आहे.

त्यात तो जपानी इरेला पेटलेला, मला मारून टाका. तो दुभाष्याला म्हणतो, मला चिनीतली सगळ्यात घाण शिवी शिकव, म्हणजे हे चिडतील. दुभाष्याला जगायचंय. तो शिकवतो काय, "दादा-वहिनी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा, तुम्ही माझे आजोबा, मी तुमचं लेकरू." आणि हा गडी डोळे लाल करून, शिरा ताणून, थुंकी उडवत गावकऱ्यांच्या अंगावर ओरडतोय, दादा-वहिनी, शुभेच्छा! मी हे दहा वेळा तरी बघितलंय, दहाही वेळा हसलोय. आणि दरवेळी हसताना आठवतं पुढे काय आहे ते. गाव सौदा करतं, कैदी परत घ्या, बदल्यात धान्य द्या. जपानी अधिकारी शब्दाचा पक्का, गाड्या भरून धान्य घेऊन येतो, जेवणावळ होते, गाणी होतात. आणि त्याच जेवणावळीत अख्खं गाव कापलं जातं. चीनमध्ये हा पिक्चर थिएटरात लागू दिला नाही. का, तर गावकऱ्यांच्या मनात शत्रूबद्दल पुरेसा द्वेष दिसत नाही! अहो, त्यांच्या घरात पुरेसं पीठ नव्हतं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अजून मुख्य मुद्दा राहिलाय, थोडं पळतो.

मग आल्या टीव्ही मालिका. चीनमध्ये हंगद्यानला मोठा स्टुडिओ आहे, तिथे ज्युनिअर आर्टिस्ट जपानी सैनिक बनून दिवसात कितीतरी वेळा मरतात. हिरोला लेदर जॅकेट, केसांना जेल. एका मालिकेत हिरो जपान्याला नुसत्या हातांनी उभा फाडतो, कापड फाडावं तसा. दुसऱ्या एकीत हातबॉम्ब कुठे लपवला होता ते मी इथे सांगत नाही, बायका-मुलं बसलीत. २०१३ मध्ये खुद्द सरकारलाच चॅनेलवाल्यांना सांगावं लागलं, आवरा. या हिरोंना भूक लागत नाही. त्यांचं पोट फक्त बॉडी दाखवायला.

आणि आता एका खऱ्या माणसाचं सांगतो. यांग चिंग्यू, ईशान्येकडच्या जपानविरोधी सेनेचा कमांडर, वय ३५. फेब्रुवारी १९४०, जंगलात बर्फ, शेवटी एकटा उरलेला. चार गावकरी भेटले, त्यांच्याकडे पैसे देऊन खायला आणि कापूस भरलेले बूट मागितले. खबर फुटली, वेढा पडला, गोळ्या घातल्या. हा इतके दिवस जगला कशावर म्हणून जपान्यांनी पोट फाडून बघितलं. झाडाची साल, गवताची मुळं, कोटातला कापूस. धान्याचा एक दाणा नाही. त्या तालुक्याला १९४६ पासून त्याचं नाव आहे, चिंग्यू.

हे पडद्यावर दाखवायचं कसं सांगा. फाडाफाडी दाखवणं सोपं आहे.

आपले डॉ. कोटणीस राहिलेच! सोलापुरात उभं राहून त्यांचं नाव घेतलं नाही तर घरी जाऊ देणार नाही तुम्ही. १९३८ ला चीनला गेले, कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत डॉक्टर, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, अवघे ३२ वर्षांचे. शांतारामबापूंनी १९४६ ला पिक्चर काढला, चीननंही १९८२ मध्ये काढला, आणि दोन्हींत काय काय... नाही, अध्यक्ष उभे राहिले, पुढच्या वेळी.

लाईट घालवा जरा, ती शिव्यांची क्लिप लावतो, तीन मिनिटांची आहे. मागचे पुढे या, सबटायटल बारीक आहेत.